ओंकारबापूंच्या कोठीतल्या गोळ्या

टाळेबंदी लागली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, ओंकारबापूंनी घरातल्या पत्र्याच्या कोठीतून नुकताच भरलेला वर्षभराचा गहू बाहेर काढला आणि त्या कोठीत औषधं भरली.

गहू पाच पोती निघाला. त्यातली तीन खाटेखाली गेली, दोन खाटेच्या बाजूला उभी राहिली. औषधांची सात खोकी होती. मी पत्रकार आहे आणि समोरच्या घरात राहतो, त्यामुळे ही सगळी हलवाहलव मला माझ्या ओट्यावरून दिसली. मी विचारलं, "बापू, गहू काऊन बाहेर काढला?"

"गव्हाले काय होते? गहू राह्यते कुठंबी. औषधाले थंडी जागा लागते."

"पण एवढ्या औषधाचं करता काय?"

बापू कोठीच्या शिडीवर होते. ते एक पायरी खाली उतरले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अन् लागलं तं?"

हे तीन शब्द बापूंच्या तोंडात किती वर्षांपासून आहेत, ते गावात कोणाला नक्की सांगता येत नाही. बापू आज सत्तरीच्या आसपास आहेत. अंगानं सडपातळ, पांढरी मिशी, पाच एकर कोरडवाहू शेत, एक गाय. आमचं गाव धामणगाव बढ्याहून थोडं आत आहे. बाजाराला बापू सायकलवर जातात. सायकलच्या कॅरिअरला बारा महिने एक छत्री, एक दोर आणि एक रिकामं पोतं बांधलेलं असतं. भर दुपारी त्यांच्या खिशात बॅटरी असते. लग्नाला जाताना ते चपलांचा दुसरा जोड पिशवीत घेतात. त्या पिशवीमुळे एका लग्नात त्यांना वरपक्षाकडचा आचारी समजून आत नेलं गेलं होतं. बापूंनी दोन घाणे बुंदी पाडून दिली आणि मगच ओळख सांगितली. "त्यायले माणूस लागत होता ना," असं त्यांचं यावर म्हणणं आहे.

औषधांच्या खरेदीचा तपशील सलीमभाईंकडून मिळाला. गावातलं एकुलतं मेडिकल सलीमभाईंचं आहे. टीव्हीवर टाळेबंदीच्या बातम्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच बापू शटरसमोर उभे होते. सोबत बैलगाडी होती. बैल शेजारचे.

"काय देऊ बापू?"

"काय काय हाये?"

"तुमाले होते काय, ते सांगा ना."

"मले काहीच होत नाही. तू माल दाखव."

तापाच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, गॅसच्या गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या, साखर-मिठाची पाकिटं, कानात टाकायचे थेंब, तीन थर्मामीटर आणि पाण्यात टाकली की फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या नळ्या, असा माल गाडीत चढला. सलीमभाईंनी तेव्हा हसत हसत सगळं दिलं. "मले वाटलं, धंदा झाला," ते नंतर मला म्हणाले. "संध्याकाळी दुकानात पाह्यलं तं मी अन् पंखा, दोघंच."

बापूंना औषधातलं काही कळत नाही. त्यांना बियाण्यातलं आणि धान्यातलं कळतं, आणि तीच पद्धत त्यांनी इथे लावली. कोठीच्या तळाला त्यांनी कडुलिंबाचा पाला अंथरला. प्रत्येक खोकं रिकामं केलं की त्यावर पुन्हा पाल्याचा थर. त्यानंतर गावानं खाल्लेल्या प्रत्येक गोळीला कडुलिंबाचा वास होता, आणि त्या वासानंच गुण येतो असं मानणारे लोक आजही गावात आहेत.

भरण्याआधी त्यांनी मालाची उगवण पाहिली. आमच्याकडे पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. बापू हे दरवर्षी करतात, आणि ज्यांनी केलं नाही त्यांच्या बांधावर जाऊन विचारतात. गोळ्यांच्या बाबतीत त्यांनी प्रत्येक जातीची एक गोळी पाण्याच्या ग्लासात टाकून पाहिली. तापाची गोळी तळाला जाऊन बसली. "मध्यम," बापू म्हणाले. गॅसची गोळी जागची हलली नाही. "हे सलीमनं जुनं देल्लं." मग त्यांनी व्हिटॅमिनची गोळी टाकली. ग्लास फसफसला, फेस काठावरून बापूंच्या हातावर आला.

"पाह्य बे, पाह्य! याले म्हणते बियाणं!"

तेव्हापासून ते व्हिटॅमिनच्या गोळीला सर्वांत जबर औषध मानतात.

हे सगळं बापू एकट्यानं करत होते, कारण त्यांची बायको, आमच्या काकू, घरी नव्हत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या टाळेबंदीच्या तीन आठवडे आधी पुण्याला गेल्या होत्या, महिनाभरासाठी. त्या अडकल्या. नंतर गाड्या सुरू झाल्या तेव्हा मुलीची नोकरी सुरू झाली होती आणि नातवाला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. तो नातू आता शाळेत जातो. काकू दिवाळीला आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतात. मुलगी बापूंनाही बोलावते. बापू म्हणतात, "गायीले पाणी कोण पाजन?" गाईची सोय मी करतो, असं मी दोनदा सांगितलं आहे. त्यावर त्यांचे तीन शब्द ठरलेले आहेत.

कोठीतून औषध मागणारे पहिले गृहस्थ स्वतः सलीमभाई. खरेदीला आठ दिवस झाले होते, नवा माल आलेला नव्हता, आणि त्यांच्या अम्मीला ताप होता. ते ओट्याखाली उभे राहिले.

"बापू, तापाच्या गोळ्या पाहिजेत."

"तुह्यं दुकान हाये ना?"

"माह्यं दुकान तुमच्या कोठीत हाये."

बापू हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे कोणालेच भेटून नाही राह्यलं?"

"गजाननचा पोरगा तापला होता. गजानन सायकल हाणत धामणगावाले गेला. रस्त्यात पोलिसानं दोनदा उतरवलं."

बापूंनी कोठीला लावलेलं कुलूप काढलं. ते कुलूप त्यानंतर लावलेलं मी पाहिलं नाही.

पण औषध बाहेर काढणं सोपं नव्हतं. कोठीची रचना गव्हासाठी असते. वरून भरायचं आणि तळाशी असलेल्या छोट्या तोंडातून काढायचं. गहू वाहतो. गोळ्यांची पाकिटं वाहत नाहीत. बापूंनी तोंडाखाली सूप धरलं आणि पत्र्यावर लाटण्यानं ठोकायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं सुपात गॅसच्या गोळ्यांची सहा पाकिटं, एक थर्मामीटर आणि भरपूर पाला पडला.

"आज गॅसच्या निघून राह्यल्या," बापू म्हणाले. "तापाच्या उद्या येतीन."

"अहो, अम्मीले ताप आज हाये!"

मग बापू शिडीवर चढले आणि वरच्या झाकणातून आत उतरले, डोक्याकडून. काही मिनिटं बाहेर फक्त त्यांचे दोन पाय होते. आतून आवाज घुमत आला, "हिरवं पाकीट का पांढरं?"

गोळ्या मिळाल्या. सलीमभाई निघाले तर बापूंनी अडवलं. "थांब. रिकाम्या पोटी नाही."

"अम्मी जेवली हाये बापू."

"तू जेवला का?"

"मले कुठं ताप हाये?"

"तापलेल्या माणसाची सेवा रिकाम्या पोटी होते का बे? बस."

अंतर पाळायचं म्हणून बापूंनी सायकलच्या कॅरिअरचा दोर ओट्यावर आडवा टाकला. एका टोकाला सलीमभाई, दुसऱ्या टोकाला बापू. मध्ये दोरी, दोन्हीकडे ताटं. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर, ठेचा आणि कांदा.

त्या दिवसापासून बापूंचे दोन नियम झाले. औषधाचे पैसे नाहीत, आणि रिकाम्या पोटी गोळी नाही. दुसरा नियम पेशंटला, पेशंटच्या नातेवाइकाला आणि नुसतं विचारायला आलेल्यालाही लागू होता. कोठीतून तळाला जे पडेल ते सुपात घेऊन शेजारच्या बाया तांदूळ निवडावेत तशा गोळ्या निवडत. तापाच्या इकडे, गॅसच्या तिकडे, पाला खाली.

उपकेंद्राच्या आरोग्यसेविका वैशालीताई त्यानंतर तिसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी सगळी कोठी बाहेर काढायला लावली, काही औषधं उचलून नेली आणि बापूंना बजावलं की साधा ताप, साधी सर्दी याच्या पलीकडे काही दिसलं तर गोळी द्यायची नाही, मला फोन करायचा. बापूंनी ते पाळलं. दुसऱ्या लाटेत गावात ताप फिरला तेव्हा बापू थर्मामीटर लावून रोज दुपारी वैशालीताईंना फोन करत. ग्रामीण रुग्णालयात वेळेत पोचलेल्या दोघांची नावं मला माहीत आहेत. ते दोघेही बापूंच्या ओट्यावर जेवून गेले होते.

भाकरी बापूंना येत नव्हती. काकूंनी ती फोनवरून शिकवली. फोन स्पीकरवर करून चुलीशेजारच्या डब्यावर ठेवलेला असे, आणि ओट्यावर बसलेल्या पेशंटांना सगळं ऐकू येई.

"उलटवा आता! जळून राह्यली असन!"

"तुले पुण्याहून वास येते का?"

"मले तुमचा चाळीस वर्षांचा अनुभव हाये. उलटवा म्हणते ना!"

मागे नातू रडत असे. ओट्यावरून एखादा सांगे, "काकू, उलटवली. काळी झाली." काकू विचारत, "कोण हाये तिथं?" आणि मग त्या पेशंटची, त्याच्या घरची, गाईची, सगळ्यांची चौकशी होई. तोवर दुसरी भाकर जळे.

या साठ्याची किंमत किती पडली, हे बापूंनी कोणालाही सांगितलेलं नाही. इतकं निश्चित आहे की, खाटेखालचा गहू उंदरांनी खाल्ला. पावसाळ्याच्या तोंडाशी बापूंनी पोतं उचललं, ते हलकं लागलं, आणि खालून तीन पिल्लं पळाली. त्या वर्षी या घरानं पहिल्यांदा बाजारातून गहू आणला. स्वयंपाकघरात फरशी बसवायची होती, त्यासाठी ठेवलेले सोयाबीनचे पैसे कोठीत गेले. फरशीचा एक नमुना तेव्हा आणलेला होता. तो अजून माठाखाली आहे. काकू दिवाळीला आल्या की माठ उचलतात, तो नमुना बापूंना दाखवतात आणि माठ परत ठेवतात.

हळूहळू साथ ओसरली. सलीमभाईंच्या दुकानात माल आला. लोक पुन्हा तिकडे जाऊ लागले. बापूंकडे येणारे कमी झाले, आणि बापू जास्त दक्ष झाले. रस्त्यानं जाणारा कोणी खोकला की ओट्यावरून हाक येई.

"खोकला हाये का बे?"

"नाही बापू, बिडीचा हाये."

"ये मंग. बिडीच्यावरबी हाये एक."

शाळेच्या मास्तरांना त्यांनी एकदा शिंक आल्यावरून पिठलं-भाकर खाऊ घातली. मास्तर म्हणतात, त्यांनी शिंक दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला होता.

मग मागच्या आषाढात एका सोमवारी सकाळी अकरापर्यंत बापू ओट्यावर दिसले नाहीत. गाय हंबरत होती. मी गेलो. बापू खाटेवर गोधडीत होते. अंग तापलेलं होतं. ताप शनिवारपासून होता.

"गोळी घेतली का?"

बापूंनी मान हलवली. नाही.

मी सलीमभाईंना फोन केला. ते दुकान तसंच टाकून आले. त्यांनी कोठीच्या तोंडाशी हात घातला, लाटण्यानं ठोकलं, आणि सुदैवानं तापाच्याच गोळ्या पडल्या. सलीमभाईंनी पाकीट सवयीनं उलटं केलं आणि उजेडाकडे धरलं. मग आणखी एक पाकीट काढलं. आणखी एक.

"बापू, हे सगळं एक्सपायर झालं हो."

"गव्हाले कुठं असते तारीख," बापू गोधडीतून म्हणाले.

"हा गहू नाही!"

सलीमभाई दुकानात जाऊन ताजी गोळी घेऊन आले. मी वैशालीताईंना फोनवर विचारलं. त्यांनी ती द्यायला सांगितली आणि संध्याकाळी येते म्हणाल्या. सलीमभाईंनी ग्लास पुढे केला. बापूंनी तोंड फिरवलं.

"रिकाम्या पोटी नाही."

"मंग जेवा ना! काल काय खाल्लं?"

बापूंनी गोधडी वर ओढली.

"परवा?"

"चहा घेतला होता."

सलीमभाई चिडले. "कमाल करता बापू! गावाले धरू धरू खाऊ घालता, अन् घरात पीठ असून तुमी उपाशी? काऊन?"

बापूंनी आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकट्यानं जात नाही रे घास. सवय नाही. ती होती तं दोघं बसो. मंग तुमी येत होते."

चुलीशेजारी दोन ताटं पालथी घातलेली होती. दोन्ही कोरडी होती.

मी घरून वरण-भात आणला. सलीमभाईंनी तीन ताटं वाढली. बापू उठून बसले. आम्ही जेवायला लागलो तेव्हा तेही जेवले. भात दोनदा मागून घेतला. मग गोळी घेतली आणि म्हणाले, "हिची उगवण पाह्यली का?"

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी वैशालीताई दोन मोठ्या पिशव्या घेऊन आल्या. मुदत संपलेली औषधं घरात ठेवायची नाहीत, उकिरड्यावर टाकायची नाहीत, ती आम्ही रीतसर नष्ट करतो, असं त्यांनी सांगितलं. बापूंनी दोन व्हिटॅमिनच्या नळ्यांसाठी घासाघीस केली. नळ्या अजून चांगल्या आहेत हे दाखवायला त्यांनी एक गोळी ग्लासात टाकली. ती तळाला बसली. फेस आला नाही. बापूंनी ग्लासाकडे पाहिलं आणि नळ्या पिशवीत टाकल्या.

दुपारी दीड वाजेपर्यंत कोठी रिकामी झाली. बापूंनी आतून पाला झाडला, फडक्यानं पत्रा पुसला.

"आता गहू भरा बापू," वैशालीताई म्हणाल्या.

"एकट्याले कोठीभर गहू?" बापू म्हणाले. "लागते कोणाले?"

मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो. त्यांच्या तोंडून हा प्रश्न या बाजूनं मी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी रस्त्यावरून दोन जण खोकत गेले. ओट्यावरून हाक आली नाही.

शुक्रवारी दुपारी एक वाजता बापू ओट्यावर बसले होते. आत भाकरी झाल्या होत्या. धूर माझ्या घरापर्यंत आला होता. फोनवर काकूंचा आवाज येऊन गेला होता. पावणेदोन वाजले तरी बापू आत गेले नाहीत. मी त्यांच्याकडे निघायच्या बेतात चप्पल शोधत होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरून सलीमभाई आले. शुक्रवारची नमाज पढून ते थेट इकडेच आले होते, डोक्याला टोपी तशीच होती. ओट्याखाली उभे राहून त्यांनी कपाळ धरलं.

"बापू, डोकं लई दुखून राह्यलं."

"गोळ्या गेल्या ना बे सगळ्या," बापू म्हणाले. "कालच तं नेल्या बाईनं."

"गोळी माह्याजवळ हाये." सलीमभाईंनी खिशातून पाकीट काढून दाखवलं. "पण रिकाम्या पोटी कशी घेऊ?"

बापूंनी एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा सलीमभाईंकडे. "तारीख पाह्यली का?"

"पाह्यली."

"बस मंग. हात धू."

तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली आणि मास्तर रस्त्यानं जाताना ओट्यासमोर थांबले. त्यांनी शिंकायचा प्रयत्न केला. शिंक आली नाही. बापू म्हणाले, "राहू द्या मास्तर, या तसेच." मग त्यांनी माझ्या ओट्याकडे पाहून आवाज दिला, "पत्रकार, तुमचं काय दुखते?" मी पोट म्हणालो.

बापू आत गेले. भांड्यांचा आवाज आला. दोन ताटं चुलीजवळची होती, दोन फडताळातून काढावी लागली. वांग्याची भाजी होती, कळण्याची भाकर होती, आणि तिची एक बाजू काळी होती. बापूंनी सलीमभाईंना दुसरी भाकर वाढली. ते नको म्हणाले तेव्हा बापू म्हणाले, "ठेव ताटात. अन् लागली तं?"

जेवण अडीच वाजता आटोपलं. सलीमभाईंनी ती गोळी फोडली नाही. पाकीट शर्टाच्या खिशात परत ठेवून ते दुकान उघडायला गेले.